डबीतलं पोलाद

एर्सिलिया काही फेकत नाही.
वालेन्झात बाकी सगळे फेकतात.
टोक बोथट झालं की कचऱ्यात, नवं पाकीट फाडायचं.
ती मात्र सार्डिनच्या चपट्या डबीत
झिजलेलं पोलाद साठवते,
वास अजून थोडा माशाचाच.

यातली निम्मी टोकं दातांची आहेत.
तिचा मेहुणा ओर्लान्दो गावाच्या दाढा कोरायचा.
शनिवारी दुपारी, संपलेली टोकं उकळून,
औषधाच्या चिठ्ठीत गुंडाळून आणायचा
आणि मोबदल्यात एक ग्लास बार्बेरा प्यायचा. कधी दोन.
घासात खडा लागून फुटलेल्या दाढांमधून
गरगर फिरलेली ही टोकं
आता खड्यांच्याच चाकरीला.

पहिलं वर्षभर मला तिने हिरा दाखवलासुद्धा नाही.
नुसतं पोलाद.
लाल होईतो तापव. राखेत पूर. रात्रभर विसर.
सकाळी डोकं छाट, दांडा निमुळता घास,
टोकाला खळगी पाड,
खसखशीचा दाणा टेकेल एवढीच.
हिच्याखाली सोन्याचा कण गोल वळला पाहिजे, दिलेत्ता,
चिरडला नाही पाहिजे.
मग पुन्हा लाल, आणि तेलात.
चर्र.
आता ते कडक झालं आणि मूर्खही:
फरशीवर पडलं तर दोन तुकडे.
म्हणून पुन्हा ज्योत, पण लांबून,
रंग दांड्यावरून सरकत येताना बघत बसायचं.
वाळल्या पेंढ्याचा पिवळा टोकाशी पोचला
की तिथेच थांबायचं.
तपकिरी झालं तर उशीर.
निळं झालं तर घरी ने, कुंड्यांमधली माती उकर.
याला पाणी देणं म्हणतात,
आणि पाण्याचा एक थेंब नाही त्यात.

माझ्या कुंड्यांसाठी अकरा झाली.

नोव्हेंबरात पो नदीवरचं धुकं
रस्ता सोडून जिन्यापर्यंत चढलं होतं, त्या आठवड्यात
एक अंगठी आली. पाचू.
आत जुनी भेग, केसाएवढी,
चारी नख्या झिजून कागद झालेल्या.
दोन कारखान्यांनी हात वर केले होते.
पोलाद एकदा निसटलं की पाचू गेला,
आणि पाचूबरोबर आमचं वर्ष.

एर्सिलियाने डबी उपडी केली,
बोटाने चाळली,
आणि एक किल्ली उचलली. पितळेची.
ज्या कारखान्यात ती एकोणतीस वर्षं बसली,
आणि जो एका सोमवारी उघडलाच नाही,
त्याच्या मागच्या दाराची.
दात कापलेले, तोंड सपाट घासलेलं,
मागे नासपतीच्या लाकडाची मूठ.
पितळ मऊ असतं, ती म्हणाली, खड्याला कळत नाही कोण आलं.

तिचा हात थरथरतो. कॉफी सांडते.
पण किल्ली सोन्याला टेकली आणि थरथर थांबली,
धावत्या गाडीला खुंटी घातल्यासारखी.
एक नखी. समोरची. मग आडवी.
चौथी माझ्याकडे सरकवली.
मी श्वास धरला, दाबलं,
आणि खडा बसला तो मला कानाने नाही,
तळहाताने ऐकू आला.

जिना उतरताना मी म्हटलं,
तूही त्या डबीतल्यासारखीच, झिजूनही...
तिने मधेच तोडलं.
"मी पोलाद नाही. माझे गुडघे दुखतात.
मला तापवून तेलात बुडवायला निघालीस की काय?
दिवा लाव, पायरी दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी जेवताना
ती नेहमीसारखी डाव्या बाजूने पाव चावत होती.
उजवी दाढ ओर्लान्दोने कोरलेली,
सत्त्याऐंशी साली, आणि नीट नाही.
कोणत्या टोकाने, असं विचारलं
तर हनुवटीने डबीकडे खूण केली:
यातल्याच कुठल्या तरी.
ते ओळखू आलं असतं, तर तेवढं एक
तिने नक्की फेकलं असतं.